बंदिवानाचे उच्च शिक्षण : सवलत की अधिकार?

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाचे एक अपील फेटाळले. वाद एका मराठी हस्तलिखिताचा होता. कम्युनिस्ट कामगार नेते प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी, आणि तेही शासनाची रीतसर परवानगी घेऊन, 'अणूच्या अंतरंगात' या नावाचे एक पुस्तक लिहून पुरे केले. विषय पदार्थविज्ञानाचा, मूलकणांचा. त्यात ना संपाची हाक होती, ना सरकारवर टीका. छपाईसाठी हस्तलिखित बाहेर पाठवू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. शासनाने ती नाकारली. उच्च न्यायालयाने हे लेखन निखळ शास्त्रीय असल्याचा निर्वाळा दिला आणि संझगिरींच्या बाजूने निकाल केला. तेवढ्यावर शासनाने थांबावयास हरकत नव्हती. परंतु मूलकणांपासून देशाच्या संरक्षणास कोणता धोका संभवतो याचा निर्णय लावून घेण्यासाठी आपले शासन थेट दिल्लीपर्यंत गेले.

मला आज या प्रकरणाची आठवण होते ती शासनाने तेथे केलेल्या युक्तिवादामुळे. स्थानबद्धाला काय काय करता येईल हे स्थानबद्धतेच्या अटींविषयीच्या आदेशात नमूद केले आहे. पुस्तक प्रसिद्ध करण्याचा त्यात उल्लेख नाही. सबब तो हक्क स्थानबद्धाला नाही, असे शासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ही विचारसरणीच उलटी ठरविली. असा आदेश हक्क देत नसतो, तो हक्कांवर मर्यादा घालीत असतो. मर्यादेने जे हिरावलेले नाही ते माणसाजवळ मूळचेच शिल्लक असते. शासनाचे म्हणणे खरे मानले तर, अन्न देण्याची अट आदेशात लिहिलेली नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारण्याचाही अधिकार शासनाला पोहोचेल, असे न्यायमूर्तींनी बजावले. लक्षात घ्या, तेव्हा १९६२ ची आणीबाणी उठलेली नव्हती.

तुरुंगातील महाविद्यालयीन शिक्षणाविषयी मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ या निकालात आहे. पुढे १९७४ मध्ये, १९७८ मध्ये सुनील बत्रा यांच्या खटल्यात आणि २००० मध्येही सर्वोच्च न्यायालयाने हेच निरनिराळ्या शब्दांत सांगितले की, तुरुंगाचे फाटक ओलांडले म्हणून माणसाचे मूलभूत हक्क फाटकाबाहेर राहत नाहीत. कायद्याच्या पुस्तकात हे तत्त्व स्थिर झाले. तुरुंगाच्या कचेरीत मात्र आजही शासनाचा जुना युक्तिवादच राज्य करतो. तेथे शिक्षण ही दिलेली वस्तू आहे. चांगल्या वर्तणुकीबद्दल, मर्जीबद्दल, जागा शिल्लक असल्यास दिलेली. आणि जी वस्तू दिलेली असते ती काढूनही घेता येते.

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की एक अभिमानाची परंपरा लगेच पुढे केली जाते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. काँग्रेस समाजवादी पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला, परंतु त्याची वैचारिक जडणघडण नाशिकच्याच तुरुंगातील चर्चांत झाली. बेचाळीसनंतर अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, मौलाना आझाद आणि आचार्य नरेंद्र देव हे तिघेही लेखन करीत होते. आचार्यांनी तर 'अभिधर्मकोशा'च्या भाषांतराचे काम तेथे चालविले. तुरुंग हे आमचे विद्यापीठ होते, असे मागच्या पिढीतील माणसे म्हणत, ते खोटे नाही.

पण ते विद्यापीठ कोणाचे होते? जे बाहेरून विद्वान म्हणूनच आत गेले त्यांचे. १९३० नंतर ब्रिटिश सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. त्या वर्गवारीचे निकष सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान हे होते. म्हणजे शिकलेल्याला पुस्तके व टेबल, आणि न शिकलेल्याला काथ्या आणि चक्की. ज्याच्यापाशी विद्या आहे त्यालाच ती वाढविण्याची सोय! ही व्यवस्था ज्या आंदोलनानंतर आली त्याची मागणी मात्र वेगळी होती. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उपोषण केले त्यात चांगल्या अन्नाबरोबर पुस्तके व वर्तमानपत्रे हीही मागणी होती. त्या उपोषणात त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी, जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडला. एका तरुणाने पुस्तकासाठीही प्राण दिले आणि सरकारने त्याच्या बदल्यात वर्गवारी दिली.

तेव्हा परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु राजबंदी शिकले म्हणून तुरुंगात शिक्षण झाले असे समजू नये. त्याच आवारात चोरीच्या नाही तर दारूच्या गुन्ह्यात आलेला जो आदिवासी किंवा भटका माणूस होता, त्याच्या हाती त्या काळात पाटीही क्वचितच आली असेल.

सवलत म्हणून मिळालेल्या शिक्षणाचे काय होते याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रॉबेन बेटाचे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने तेथील राजबंद्यांना पत्रद्वारा शिक्षण घेण्याची मुभा दिली होती. दिवसा चुनखडीच्या खाणीत खणायचे आणि रात्री कोठडीत परीक्षेची तयारी करायची, असा त्यांचा क्रम होता. नेल्सन मंडेला तेथे कायद्याच्या पदवीचा अभ्यास करीत. १९७७ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राचे अंगणात पुरून ठेवलेले हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती लागले. त्याची शिक्षा काय झाली? मंडेला, सिसुलू आणि कथ्राडा यांचा अभ्यासाचा हक्क चार वर्षांसाठी काढून घेण्यात आला. सरकारच्या दृष्टीने त्यात विसंगत असे काहीच नव्हते. त्याने तो कधी हक्क म्हणून दिलाच नव्हता. मंडेलांची ती पदवी अखेर १९८९ मध्ये पुरी झाली. अटकेला तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती.

आता आपल्या घरी येऊ. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. या दोन संस्थांमुळे भारतातील तुरुंगांत पदवीचे शिक्षण प्रथमच सामान्य कैद्याच्या आवाक्यात आले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तिहारमध्ये १९९४ मध्ये अभ्यासकेंद्र निघाले आणि त्यानंतर देशातील अनेक तुरुंगांत निघाली. महाराष्ट्रातील मध्यवर्ती कारागृहांतूनही बंदी पदवीच्या परीक्षेला बसतात आणि उत्तीर्ण होतात. इंदिरा गांधी विद्यापीठ तर कैद्यांना शुल्कही माफ करते. शिक्षा लागलेल्या बंद्याने परीक्षा उत्तीर्ण केली तर त्याच्या शिक्षेत काही दिवसांची खास माफीही मिळते. दरवर्षी एखाद्या कैद्याने पदवी मिळविल्याची बातमी छायाचित्रासह येते आणि आपण ती वाचून समाधान पावतो.

ते समाधान थोडे तपासून पाहिले पाहिजे. मुक्त विद्यापीठ कैद्याला पुस्तके आणि परीक्षा देते. शिक्षक देत नाही. देणे त्याच्या घडणीतच बसत नाही. बाहेरचा मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी अडला तर शेजारच्या मास्तरांकडे जातो, ग्रंथालयात जातो, रविवारच्या संपर्कसत्राला जातो, आजकाल तर खिशातल्या फोनवर व्याख्यान ऐकतो. कैद्याला यांतील एकही वाट मोकळी नाही. बराकीत दिवा रात्रभर जळतो हे खरे, पण तो पहाऱ्यासाठी असतो. त्या उजेडात शंभर माणसांच्या कलकलाटात अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक एकट्याने उलगडायचे, याला स्वयंअध्ययन हे फार गोंडस नाव झाले. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसे होती. ज्याला पाय पसरायला जागा नाही, त्याला वही पसरायला कोठून मिळणार?

आणि पुस्तकाविषयीची तुरुंगाची भीती? ती संझगिरींच्या हस्तलिखितापाशी संपली असे कोणी समजू नये. गौतम नवलखा तळोजाच्या तुरुंगात असताना त्यांना टपालाने पाठविलेले वुडहाउस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारण्यात आले होते. २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे ही हकीकत आली तेव्हा न्यायमूर्तींनाही ती हास्यास्पद वाटली. पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत नसलेल्या कैद्याच्या नाकारलेल्या पुस्तकाला कोण हसणार?

यापेक्षाही गंभीर गोष्ट कच्च्या कैद्यांची आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ म्हणजे शंभरातील शहात्तरांच्या आसपास माणसांचा खटला संपलेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ही माणसे निर्दोष आहेत. शिक्षणाची आपली सगळी योजना मात्र शिक्षा झालेल्या कैद्याला समोर ठेवून आखलेली. माफीचे आमिष त्याच्यासाठी. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला माफी कशातून देणार? कच्चा कैदी आज ना उद्या जामिनावर जाईल, मग त्याला प्रवेश कशाला, असे म्हटले जाते. परंतु हे 'उद्या' किती लांबते ते सरकारी आकडेच सांगतात. पाच वर्षांहून अधिक काळ निकालाविना तुरुंगात राहिलेल्यांची संख्या त्या वर्षी अकरा हजारांवर होती. बी. ए. ला तीन वर्षे लागतात. निकालाची वाट पाहता पाहता यांतील प्रत्येकाची पदवी पुरी होऊन वर एम. ए. चा अभ्यासही संपला असता.

समजा, त्याने प्रवेश घेतला. मग तुरुंगात शिकवायला जाणारा कोणीही तुम्हाला पुढची कथा सांगेल. परीक्षेच्या दिवशीच कोर्टाची तारीख निघते. तारखेला नेण्यासाठी पोलिसांचे पथक मिळाले नाही तर तारीखही चुकते आणि पेपरही चुकतो. वर्षाच्या मध्येच कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होते; तेथे अभ्यासकेंद्र नसते किंवा दुसऱ्याच विद्यापीठाचे असते. पुस्तके जुन्या बराकीत राहतात. स्त्री कैद्यांची संख्या एकूण कैद्यांच्या चार टक्के. मूठभर बायकांसाठी वेगळा वर्ग परवडत नाही, आणि केंद्र पुरुषांच्या विभागात असेल तर तेथे त्यांना येऊ देता येत नाही. यांतील कोणतीही अडचण कोणा दुष्ट अधिकाऱ्याने निर्माण केलेली नाही. किंबहुना मी पाहिलेले बरेच तुरुंग अधिकारी या बाबतीत सहानुभूती बाळगणारे होते. परंतु जेथे शिक्षण ही सवलत असते तेथे ते इतर प्रत्येक गोष्टीनंतर येते. तारीख आधी, बदली आधी, झडती आधी, साहेबांची भेट आधी.

आता दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप आपल्याच मंडळींकडून येतो आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. देशातील कैद्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश निरक्षर आहेत. तिघांतील दोघे तरी दहावीपर्यंत पोहोचलेले नाहीत. मग महाविद्यालयाच्या गोष्टी कशाला? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती की, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांची प्राथमिक शाळा उपाशी राहते. तुरुंगातही आपण तेच करणार काय?

फुल्यांचे म्हणणे मला शिरोधार्य आहे. परंतु त्यांची तक्रार उच्च शिक्षण एका वर्गाने बळकावण्याविरुद्ध होती. तुरुंगातील आजची स्थिती तपासा. शिकलेला कैदी कचेरीत 'रायटर' म्हणून बसतो, अर्ज लिहितो, त्याला सावली मिळते आणि वजन मिळते. न शिकलेला झाडू मारतो. हे काम पुष्कळ ठिकाणी जात पाहून ठरत असे. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत तशी तरतूदच होती आणि ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतील आहेत. या माणसांना अक्षरओळखीवर थांबवायचे आणि पदवी बाहेरून शिकून आलेल्यांसाठी ठेवायची, तर अ आणि क वर्ग आपण पुन्हा उभे केले. शिवाय व्यवहार पाहा. तुरुंगातील साक्षरतेचे वर्ग पुष्कळदा शिकलेले कैदीच चालवितात. वरचा वर्ग बंद केला तर खालच्या वर्गाला मास्तर कोठून मिळेल? प्राथमिक की उच्च, हा झगडा तुरुंगाच्या भिंतीआड तरी निरर्थक आहे.

दुसरा आक्षेप बाहेरच्या समाजाचा. प्रामाणिक शेतमजुराच्या मुलाला महाविद्यालय परवडत नाही आणि गुन्हेगाराला फुकट पदवी का? हा प्रश्न आपण तुच्छतेने उडवून लावू नये, कारण तो विचारणाऱ्याचे दुःख खरे असते. परंतु या प्रश्नाचे राजकारण कसे होते याचा एक पुरा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे, तो सांगतो.

अमेरिकेत १९७२ मध्ये कायद्याने गरीब विद्यार्थ्यांसाठी पेल अनुदानाची सोय झाली आणि गरजू कैदीही त्यास पात्र होते. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला होता. त्यांच्या मागण्यांत शिक्षणव्यवस्था सुधारा, हीही मागणी होती. तो उठाव गोळीबाराने मोडण्यात आला आणि एकूण ४३ माणसे मेली. पुढची वीसेक वर्षे पेल अनुदानाच्या आधारे शेकडो तुरुंगांत महाविद्यालयांचे वर्ग चालले. १९९४ मध्ये गुन्हेगारीविरुद्ध कठोर असल्याचे दाखविण्याची तेथील दोन्ही पक्षांत चढाओढ लागली. प्रामाणिक माणसाच्या मुलाचा घास कैदी खातो, असे सिनेटमध्ये सांगण्यात आले आणि त्या वर्षीच्या गुन्हेविषयक कायद्याने कैद्यांचे अनुदान बंद झाले. वस्तुस्थिती काय होती? सरकारच्याच हिशेब तपासनीसांच्या अहवालानुसार सुमारे चाळीस लाख लाभार्थींत कैदी होते तेवीस हजारांच्या आसपास. शंभरात एकही नव्हे. अनुदान प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला मिळतच होते. कैद्यामुळे कोणा मुलाचे अनुदान बुडाले नव्हते. कैद्यांचे बंद केल्यावर शेतमजुराच्या मुलाला त्यातून काही मिळाले काय? तुरुंगातील वर्ग काही वर्षांतच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि बाहेरच्या विद्यापीठांची शुल्के चढतच राहिली. ही बंदी उठविणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि अंमल १ जुलै २०२३ रोजी सुरू झाला. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. गरिबाच्या मुलाच्या नावाने गरिबाचेच काढून घेतले गेले, कारण अमेरिकेचे तुरुंगही आपल्यासारखेच, गरिबांच्या मुलांनी भरलेले आहेत.

त्या एकोणतीस वर्षांत काही महाविद्यालयांनी खासगी पैशावर वर्ग चालू ठेवले. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयाचा उपक्रम त्यांत प्रसिद्ध आहे. त्याचे वैशिष्ट्य एवढेच की कैद्यांसाठी म्हणून सोपा केलेला अभ्यासक्रम तेथे नाही. तेच प्राध्यापक तुरुंगात येतात, तेच ग्रंथ शिकवितात, तोच प्रबंध मागतात आणि तीच पदवी देतात. २०१५ मध्ये या कैदी विद्यार्थ्यांच्या चमूने वादविवादात हार्वर्डच्या चमूला हरविले तेव्हा साऱ्या अमेरिकेला नवल वाटले. शिक्षक मिळाल्यावर विद्यार्थी शिकतात, यात नवल ते काय?

अमेरिकेत या शिक्षणाच्या समर्थनार्थ एक आकडा नेहमी दिला जातो. रँड या संस्थेने २०१३ मध्ये अनेक पाहण्यांचा एकत्र अभ्यास करून सांगितले की, तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांत पुन्हा तुरुंगात येण्याचा संभव ४३ टक्क्यांनी कमी दिसतो. आकडा उपयुक्त आहे, मंत्र्यांना भेटायला जाल तेव्हा खुशाल सांगा. मला मात्र आपली मागणी त्यावर उभी करणे मान्य नाही. शिकायला पुढे येणारा कैदी मुळातच बाहेर पडून नीट जगण्याची इच्छा बाळगणारा असतो, ही शंका त्या आकड्यात उरतेच. पण खरी अडचण तत्त्वाची आहे. आपल्या तुरुंगांतील चारांतील तीन माणसांनी पहिला गुन्हा केला हेच अजून सिद्ध झालेले नाही. त्यांना पुन्हा गुन्हा करू नये म्हणून शिकवा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि उद्या एखाद्या पाहणीत टक्का कमी निघाला, तर वर्ग बंद करायचा काय? बाहेरच्या विद्यार्थ्याला आपण त्याने चोरी करू नये म्हणून महाविद्यालयात पाठवीत नाही.

१९८० मध्ये नेमलेल्या कारागृह सुधारणा समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला होते. स्वतः नामांकित उर्दू शायर. त्यांच्या समितीने शिक्षण हे सुधारणेचे साधन मानले, आणि त्यानंतरच्या आदर्श नियमावल्यांनीही. हे पाऊल पुढचेच होते. परंतु साधन म्हटले की ते वापरणारा हात कोणाचा, हा प्रश्न येतो, आणि तो हात तुरुंगाधिकाऱ्याचा राहिला.

म्हणून मला २०२४ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा वाटतो. एल्गार परिषद खटल्यातील आरोपी महेश राऊत यांनी तळोजाच्या तुरुंगातून कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा दिली आणि त्यांना मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात जागा मिळाली. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय. आक्षेप असा निघाला की हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, हजेरी सक्तीची आहे, आणि कच्चा कैदी हजर कसा राहणार? न्यायालयाने सांगितले की केवळ तुरुंगात असल्याने पुढील शिक्षणाचा हक्क जात नाही, आणि मिळालेली जागा नाकारणे हे मूलभूत हक्काचे उल्लंघन ठरेल. प्रवेश झाला. हजेरीचा प्रश्न मात्र जागेवरच राहिला. न्यायालय फाटक उघडू शकते. वर्ग भरविणे न्यायालयाच्या हाती नाही.

वर्ग भरविणे राज्य शासनाच्या हाती आहे. घटनेप्रमाणे तुरुंग हा राज्याचा विषय आहे, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखविता येणार नाही. महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती कारागृहे आहेत: मुंबई, ठाणे, तळोजा, येरवडा, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. यांतील प्रत्येकाच्या जवळपास एक तरी विद्यापीठ किंवा चांगले महाविद्यालय आहे. नाशिकला तर मुक्त विद्यापीठाचे मुख्यालयच आहे. प्रत्येक कारागृहात एका जवळच्या महाविद्यालयाची शाखा असावी, केवळ परीक्षा केंद्र नव्हे. तिची पटनोंदणी, तिची हजेरी आणि तिची पदवी त्या महाविद्यालयाची असावी, आणि पदवीपत्रावर कारागृहाचा उल्लेख असू नये. कच्च्या कैद्याला पहिल्या दिवसापासून प्रवेश खुला असावा. बदली झाली तर पटावरील नाव त्याच्याबरोबर जावे, आणि परीक्षेच्या दिवशी तारीख पडली तर ती पुढे ढकलून मिळण्याचा त्याला हक्क असावा. पुस्तक नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे लागावे. एवढे केले तर सवलतीचा अधिकार होण्यास पुष्कळ मदत होईल.

आणि शिकवायचे कोणी? या ठिकाणी आपल्याकडे सेवाभावाची भाषा सुरू होते. निवृत्त प्राध्यापकांनी जावे, सामाजिक संस्थांनी जावे. जे जातात त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण सेवाभावाने चालणारा वर्ग सेवाभावी माणूस आजारी पडला की बंद पडतो, आणि वर्षातून चार वेळा फाटकावरून परत पाठविला गेला की तो माणूसही यायचा थांबतो. महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत आज हजारो तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. पीएच. डी. झालेले, नेट-सेट उत्तीर्ण झालेले हे लोक तासाच्या हिशेबाने मोबदला घेतात आणि सुटीत बेकार असतात. कारागृहातील शाखेसाठी यांच्या पूर्ण वेळ, पूर्ण वेतनाच्या नेमणुका करा. नऊ कारागृहे आणि प्रत्येकी सहा-सात विषय धरले तरी जागा साठीच्या आसपास होतात. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायलाही भिंग लागेल. प्राध्यापक संघटनांनी रिक्त पदांच्या आपल्या मागणीपत्रात या जागांचा समावेश करावा, असे मी त्यांच्या काही पदाधिकाऱ्यांना सुचविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. आज या सभेत त्या संघटनांचे तीन सभासद बसलेले मला दिसताहेत. चर्चेच्या वेळी त्यांनी प्रथम बोलावे, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.